खणांच्या पेटीत सेहेचाळीस कळ्या

या सौद्यात घड्याळजींना एक अख्खी खोली मिळणार होती, आणि बदल्यात त्यांना फक्त पंधरा दिवस बाग सांभाळायची होती. सौदा इतका एकतर्फी होता, की आपण बायकोला फसवतोय की काय, अशी टोचणी त्यांना दोन मिनिटं लागली. तिसऱ्या मिनिटाला ती थांबली.

खोली घराच्या मागच्या बाजूला. लहानशीच, पण तिला उत्तरेकडे रुंद खिडकी होती. उत्तरेचा उजेड म्हणजे काय, हे घड्याळं दुरुस्त करणाऱ्यालाच विचारावं. ऊन थेट येत नाही, सावली नाचत नाही, सकाळी दहाला दिसलेला स्क्रू दुपारी चारलाही तिथंच दिसतो. दुकान बंद केल्यापासून गेली सहा वर्षं घड्याळजी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर काम करत होते. दर जेवणाला पसारा आवरायचा, जेवण झालं की पुन्हा मांडायचा. एकदा सेकंदकाटा भाजीत निघाला होता. तो काढून देणाऱ्या पाहुण्याचे आभार मानावेत की त्याची माफी मागावी, हे घड्याळजींना पाहुणा घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. एक केसाएवढी स्प्रिंग तर कायमचीच गेली. ती नेमकी कुणाच्या पोटात गेली, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

आणि इकडे ती उत्तरेची खिडकी कुणाला उजेड देत होती? कंदांना. बायकोच्या डेलियाचे कंद थंडीभर तिथं वाळूच्या खोक्यांत झोपून असायचे. ज्यांना उजेड नकोच असतो, त्यांना अख्खी खिडकी! थंडी सरली की कंद बागेत जायचे आणि त्यांच्या जागी कुंड्या, काठ्या, सुतळीची बंडलं आणि गळकी झारी राहायला यायची. घड्याळजींनी सहा वर्षांत अठ्ठावीस वेळा अर्ज केला होता. आकडा त्यांचा स्वतःचा आहे, आणि त्यांचे आकडे सहसा चुकत नाहीत.

पण बागेबद्दल बोलायचं तर खरं बोलायला हवं. बाग बघण्यासारखीच होती. उन्हाळा उतरणीला लागला की आसपासच्या बागा दमलेल्या माणसासारख्या खाली बसायच्या, आणि हिची बाग मात्र पदर खोचून उभी राहायची. सूर्यफुलं बियांच्या भारानं माना टाकून उभी. कॉसमॉस माणसाच्या डोक्यावर गेलेला, इतका नाजूक की मधमाशी बसली तरी वाकायचा आणि ती उडाली की लाजल्यासारखा सरळ व्हायचा. झिनियांचे असे रंग, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पॅडल मारायचं विसरायचा. आणि या सगळ्यांच्या मधोमध डेलिया. उन्हाळाभर नुसती पानं वाढवून, सगळ्यांचं फुलून झालं की मग आपली पेटी उघडणाऱ्या. सकाळी पानांवर गारवा जाणवायला लागला, संध्याकाळचं ऊन तिरपं आणि मधासारखं झालं, की डेलियांना जोर चढायचा. पानगळ दारात येऊन उभी असताना इतक्या थाटात फुलायला काळीज लागतं.

डेलियाची झाडं चार, आणि बायकोनं चौघांना नावं ठेवलेली. पिवळ्याचं नाव मामेसासरे, कारण काठीशिवाय ते उभं राहत नसे. पांढरी म्हणजे धाकट्या वन्सं. ऊन कुठूनही येवो, तिचं तोंड भिंतीकडे. काळपट लाल ते वकीलसाहेब. एकदा फुलायला लागले की थांबायचं नाव नाही. आणि चौथं झाड अक्कांचं.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्यांनी पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या बागेतला एक कंद दिला होता. रंग कोणता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, फुलेल तेव्हा कळेल. पाच वर्षांत ते फुललं नाही. पानं मात्र अशी, की खाली मांजर हरवावं. मग अक्का दर फोनला विचारायच्या, फुललं का गं, आणि नाही म्हटलं की म्हणायच्या, असू दे, सगळ्यांचा हात सारखा नसतो. हे वाक्य बायकोनं पाच वर्षं गिळलं होतं. यंदा तिनं ते झाड भिंतीपासून उचलून मधोमध उन्हात आणलं आणि कुणाला काही बोलली नाही.

अशात अक्कांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरला. त्यांच्याजवळ पंधरा दिवस राहायचं, आणि मग हवापालटाला चार दिवस त्यांना इकडे घेऊन यायचं, असा बायकोचा बेत. बॅग दारात ठेवून तिनं सौदा मांडला.

"वीस," ती म्हणाली. "मी परत येईन तेव्हा डेलियाची वीस फुलं झाडांवर दिसली पाहिजेत. मग खोली तुमची. माझे खोके मी जिन्याखाली नेईन."

"आज किती आहेत?"

"एकतीस."

घड्याळजींनी मनात वजाबाकी केली. अकरा फुलं दगावली तरी चालणार होती. "आणि अक्कांच्या झाडावर?"

"त्याच्याकडे लक्ष द्या एवढंच सांगते," बायको म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली नसेल, तोच घड्याळजी मागच्या खोलीत होते. काम हातात यायच्या आधी जागा तयार असावी, हा त्यांचा धंद्यातला नियम. चार दिवसांत त्यांनी खोके, कुंड्या, काठ्या जिन्याखाली नेल्या, भिंतींना पांढरा रंग दिला, खिडकीची काच वर्तमानपत्रानं पुसली आणि खिडकीखाली चोवीस छोट्या खणांची फळी ठोकली. पडदासुद्धा लावला. मग मधोमध खुर्ची टाकून ते अर्धा तास काहीही न करता बसले. उजेड हलत नव्हता. सहा वर्षांत इतकं सुख त्यांना झालं नव्हतं.

पाणी ते घड्याळ लावून घालत. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं, प्रत्येक झाडाला पाच झाऱ्या. शेजारचे पाववाले पहाटेची भट्टी उरकून कुंपणाशी उभे राहायचे, अंगावर पीठ तसंच. त्यांच्या अंगणातही डेलिया होत्या, आणि दोनचार सोडल्या तर सगळ्या घड्याळजींच्या बायकोनं दिलेल्या कंदांच्या. ते म्हणाले, घड्याळजी, नुसतं पाणी नाही, झाडाकडे बघायचंही असतं. घड्याळजी म्हणाले, बघतो की, रोज मोजतो.

दहाव्या दिवशी फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं. अक्का रविवारी यायच्या होत्या.

"सरलेली फुलं खुडताय ना?" बायकोनं विचारलं. "पाकळ्या गळल्या की ते परत मिटून बसतं. ते ठेवलं तर झाड बियांच्या मागं लागतं, फुलायचं सोडून देतं. आजच्या आज खुडा."

"खुडतो."

"नीट कळलंय ना, काय काढायचं ते?"

"चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी," घड्याळजी म्हणाले. हे वाक्य पुढं बरेच दिवस घरात उद्धृत होणार होतं.

घड्याळजी कामाला कसे बसतात, हे एकदा बघायला हवं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, हातात बारीक कात्री घेतली, शेजारी खणांची पेटी उघडून ठेवली आणि आधी निरीक्षण केलं. झाडांवर मिटलेल्या गोष्टी दोन प्रकारच्या होत्या. काही गोल, घट्ट, हिरव्या, कोटाच्या बटणासारख्या. काही लांबट, टोकदार, जरा मऊ. एक कळी होती आणि एक सरलेलं फूल, हे उघड होतं. प्रश्न फक्त कोणतं काय, एवढाच.

घड्याळजींनी विचार केला. गुलाबाची कळी टोकदार. जाईची टोकदार. कमळाची टोकदार. आणि गोल काय असतं? फळ. टोमॅटो, बोर, खसखशीचं बोंड. म्हणजे टोकदार ते उमलणार आणि गोल ते बी धरून बसलेलं. तरी नुसत्या तर्कावर चालणारा हा माणूस नव्हे. त्यांनी एक गोल खुडून ब्लेडनं बरोबर मधून कापलं. आत पांढुरक्या, चपट्या, एकावर एक रचलेल्या शेकडो बारीक गोष्टी. बिया! पुरावाच मिळाला. टोकदार मात्र त्यांनी कापून पाहिलं नाही. उमलणारा जीव कशाला मारायचा?

त्या दुपारी त्यांनी जे काम केलं, त्याला कामगिरीच म्हणावं लागेल. एकही फांदी मोडली नाही, एकही पान फाटलं नाही. प्रत्येक गोल बटण देठाच्या सांध्याशी, तिरक्या एकाच छेदात. आणि घड्याळातून काढलेला भाग फेकायचा नाही, ही हाताची सवय असल्यामुळं प्रत्येक बटण पेटीतल्या खणात गेलं, आणि खणावर चिठ्ठी चिकटली. मामेसासरे, बारा. धाकट्या वन्सं, नऊ. वकीलसाहेब, एकोणीस. अक्का, सहा. एकूण सेहेचाळीस. वकीलसाहेबांचं एक कापलं होतं, त्याचे दोन्ही अर्धे त्यांनी एकाच खणात ठेवले.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, घड्याळजींनी सवयीनं फुलं मोजली आणि पुन्हा मोजली. उघडी फुलं नऊ. जुनी गळत होती, ते ठीक. पण त्यांनी राखलेले टोकदार उमेदवार उमलायचं सोडून टोकाशी तपकिरी व्हायला लागले होते. एकाला त्यांनी बोट लावलं तर ते हातात आलं.

कुंपणापलीकडून पाववाले बघत होते. "घड्याळजी, सरलेली फुलं तशीच ठेवलीत की," ते म्हणाले. "आणि कळ्या कुठायत?"

घड्याळजी आत गेले आणि पेटी घेऊन आले.

पाववाल्यांनी पेटीत पाहिलं. चिठ्ठ्या वाचल्या. मग ते कुंपणाला धरून असे हसले, की अंगावरचं पीठ झडून खालचा माणूस दिसायला लागला. हसता हसता मध्येच थांबून त्यांनी धाकट्या वन्संची एक कळी उचलून उन्हात धरली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "इतकी स्वच्छ खुडलेली कळी मी आयुष्यात पाहिली नाही."

घड्याळजी तिथंच उलट्या कुंडीवर बसले. त्यांना फुलं दिसत नव्हती. त्यांना उत्तरेची खिडकी दिसत होती, आणि तिच्यातून एकेक खोका परत आत जाताना दिसत होता. खाली बसून फार वेळ झाला, तेव्हा पाववाल्यांना दया आली. ते म्हणाले, झाडं वहिनींचीच, माझ्याकडची फुलं तोडा हवी तेवढी. पण झाडावर लावणार कशी?

हा प्रश्न मात्र घड्याळजींच्या हद्दीतला होता. मघाशी बुडालेला माणूस त्यांच्यातून एकदम वर आला.

शनिवार तयारीत गेला आणि रविवारी सकाळी प्रत्यक्ष काम झालं. तोडलेलं फूल पाण्याशिवाय तग धरत नाही. ठीक. घड्याळाच्या तेलाच्या करंगळीएवढ्या रिकाम्या बाटल्या घरात ढिगानं पडलेल्या. त्या धुऊन, पाणी भरून, प्रत्येकीत एक फूल. बाटली पितळी तारेनं फांदीला बांधायची, वरून हिरवा दोरा गुंडाळायचा, पुढं पान असं वळवायचं की काच दिसू नये. मामेसासऱ्यांना पिवळी, वन्संना पांढरी, वकीलसाहेबांना काळपट लाल, रंगात एक चूक नाही. तोवर जुन्यांपैकी फक्त सहा उरली होती, म्हणून चौदा बांधली. पाववाल्यांचं अंगण केस कापून आल्यासारखं दिसायला लागलं. अडलं ते फक्त अक्कांच्या झाडापाशी. त्याचा रंग कुणालाच ठाऊक नव्हता. पण बायकोनं त्याच्याकडे लक्ष द्या म्हटलं होतं. झाड तसंच सोडणं घड्याळजींना बरं वाटेना. पाववाल्यांच्या स्वतःच्या झाडाची एक गुलाबी डेलिया होती, बशीएवढी. चौदातली ती एक त्यांनी अक्कांच्या झाडाला दिली. पाववाले म्हणाले, हे जरा जास्त होतंय. घड्याळजी म्हणाले, सौदा विसाचा आहे, त्याशिवाय वीस भरत नाहीत.

अकरा वाजता टॅक्सी आली.

आधी बायको उतरली. पंधरा दिवसांत ती पाच वर्षांनी थकल्यासारखी दिसत होती, आणि का ते लगेच कळलं. मागून अक्का उतरल्या, काळा चष्मा काढला आणि जग बघायला लागल्या. मोतीबिंदूनं आठ वर्षं जे जे झाकून ठेवलं होतं, ते सगळं त्यांना आता एकदम दिसत होतं, आणि दिसलेलं सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. टॅक्सीवाल्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण निराळ्या रंगाचं होतं. फाटकाचा रंग बिजागरीपाशी उडाला होता. घड्याळजींच्या कानावर केस होते.

"केव्हापासून आहेत हे?" अक्कांनी विचारलं.

"फार दिवस झाले, अक्का."

"मला कुणी सांगितलं नाही."

बायको तोवर बागेत पोचली होती. ती वाफ्यापाशी थबकली. बोटानं हवेत मोजत गेली. "अठरा, एकोणीस, वीस," असं म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं, ते घड्याळजींनी लग्नानंतर दोनतीनदाच पाहिलेलं. मामेसासरे इतके ताठ कधी उभे राहिले नव्हते, असं ती म्हणाली. मग तिची नजर मधल्या झाडावर गेली आणि तिचा आवाजच बदलला.

"अक्का, ये. तुझं झाड बघ. फुललंय."

अक्का आल्या. गुलाबी फुलाकडे त्यांनी हातभर अंतरावरून पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग पान बाजूला केलं, फूल बाटलीसकट सोडवलं आणि उजेडात धरलं.

"एक तर मी गुलाबी दिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं, याच्यावर 'घड्याळाचं उत्तम तेल' असं लिहिलंय."

तेरा बाटल्यांची लेबलं घड्याळजींनी धुऊन काढली होती. चौदावीचं राहिलं होतं.

पुढचं फार लांबलं नाही. घड्याळजी आत गेले, पेटी आणली, टेबलावर नव्हे तर बायकोच्या हातात ठेवली आणि जे झालं ते क्रमानं सांगितलं. बटणं, टोकं, कमळ, खसखस, ब्लेड, सगळं. कुंपणापाशी पाववाले तोंडावर टॉवेल धरून उभे होते.

बायकोनं एकेक खण पाहिला. आता ही काय बोलेल, याच्या घड्याळजींनी मनात चार आवृत्त्या तयार केल्या होत्या. तिनं पाचवीच काढली.

"कापलंय मात्र सुरेख," ती म्हणाली. वकीलसाहेबांचे दोन अर्धे तिनं जुळवून पाहिले, परत ठेवले. मग शेवटची चिठ्ठी वाचली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "अक्का, सहा?"

"सहा."

"सात होत्या. जायच्या दिवशी सकाळी मी मोजल्यात. सात."

घड्याळजी दुखावले. इतर कशाचाही आळ त्यांनी सोसला असता. "मी सहा काढल्या. सहाच होत्या."

"मी सात मोजल्या."

"माझी मोजणी चुकत नाही."

"माझीही."

दोघंही झाडाभोवती उकिडवे बसले आणि पानं उलटायला लागले. घड्याळजींनी तर भिंग लावलं. पण सापडली ती अक्कांना, उभ्याउभ्या, हातभर लांबून. झाडाला आधार दिलेल्या काठीच्या मागं, दोन पानांच्या खाली, सुतळीच्या गाठीला चिकटून एक गोल हिरवं बटण लपून बसलं होतं.

"ही काय," अक्का म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी वेळ त्यांना आजूबाजूचं काहीच खटकलं नाही. पाच वर्षांनी त्यांच्या झाडाला कळी आली होती आणि ती त्यांच्या नव्या डोळ्याला पहिल्यांदा दिसली होती. मग त्यांनी बहिणीकडे न बघता जाहीर केलं, की हे फुलल्याशिवाय मी इथून हलायची नाही.

चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीची झोपायची व्यवस्था बैठकीतल्या कोचावर होती. मुक्काम लांबणार म्हटल्यावर बायको विचारात पडली, आणि सवयीनं मागच्या खोलीचं दार उघडून उभी राहिली. पांढऱ्या भिंती. पडदा. स्वच्छ काच. खिडकीखाली खणांची फळी.

अक्का मागोमाग आल्या आणि दारातच विरघळल्या. "माझ्यासाठी एवढं केलंत?" त्या घड्याळजींना म्हणाल्या. "डोळ्याला थेट ऊन नको, हे डॉक्टरनं सांगितलेलंही लक्षात ठेवलंत. आणि ही फळी! थेंबांची बाटली, कापूस, चष्मा, सगळ्याला वेगळा खण."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खिडकीकडे पाहिलं. खरं सांगण्याची संधी साधारण तीन सेकंद होती. घड्याळजींना सेकंद मोजता येतात.

"काही कमी असेल तर सांगा, अक्का," ते म्हणाले.

मग पुढचे वीसेक दिवस त्या घरात एकच काम चाललं होतं. झाडाचं सगळं बळ त्या एका कळीत उतरत होतं. बाकीच्या सहा वाटेकरी पेटीत बंद असल्यामुळं तिला कुणाशी वाटणी नव्हती. घड्याळजी रोज सकाळी मापकानं तिचा व्यास घ्यायचे. अक्का झाली की बायको, बायको झाली की पाववाले, असे सगळे येऊन आकडा विचारून जायचे. एकोणीस मिलिमीटर. तेवीस. अठ्ठावीस. सूर्यफुलं चिमण्यांनी रिकामी केली, कॉसमॉस बिया टाकून वाळला, मेपलची पहिली लाल पानं वाफ्यात येऊन पडली. बाकीच्या डेलियांनी नव्या बारीक कळ्या धरल्या होत्या, पण त्यांना वेळ पुरणार नव्हता, हे त्यांनाही कळल्यासारखं दिसत होतं. आणि एके सकाळी मापक लावायला गेलेले घड्याळजी परतलेच नाहीत. बायको बघायला गेली तर ते मापक खिशात घालून नुसते उभे होते.

फूल उमललं होतं. ताटलीएवढं. रंग पितळेचा. नवं, नुकतं घासून चकचकीत केलेलं चाक उन्हात धरावं तसा, कडेला गर्द आणि मध्याकडे सोनेरी होत गेलेला. पाकळ्या एकीमागं एक, एकीच्या फटीत दुसरी, कुठंही एका दाताचा फरक नाही. चाळीस वर्षं घड्याळजींनी चाकं पाहिली होती, पण न फिरता सगळं चालू आहे असं चाक त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आणि त्या दिवशी पाणी घालायला सात वाजून पाच मिनिटं झाली.

अक्कांनी फूल पाहिलं, बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा." पाच वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं. मग त्या घड्याळजींना म्हणाल्या, तुमचाही. यावर पाववाले कुंपणाआड खाली बसले.

चार दिवसांनी दव गोठणार अशी बातमी आली. बायकोनं फूल कापलं, स्वच्छ, तिरक्या छेदात, नवऱ्याच्या कात्रीनं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून कंद उपसले, आणि तिथं घड्याळजींना आपल्या कामगिरीचा खरा आवाका समजला. फुलायला कळ्या नाहीत म्हटल्यावर झाडांनी आपला सगळा जोर जमिनीत साठवला होता. दरवर्षी पाच खोके भरायचे. या वर्षी अकरा भरले. जिन्याखाली आधीच कुंड्या-काठ्या होत्या, तिथं पाचही धड मावले नसते. अक्का शुक्रवारी गेल्या, आणि शनिवारी अकरा खोके उत्तरेच्या खिडकीखाली झोपायला गेले. भिंती पांढऱ्या आहेत, छान कोरडं राहील, असं बायको म्हणाली.

तर कुणी काय दिलं आणि कुणाला काय मिळालं ते असं. पाववाल्यांची चौदा फुलं गेली आणि त्यांना जन्मभर सांगायला एक गोष्ट मिळाली. अक्कांना त्यांचं फूल दिसलं, बायकोला पाच वर्षांनी तिचं वाक्य मिळालं, कंदांना पडदा मिळाला. वकीलसाहेब एकोणीस कळ्यांना मुकले, पण ते पुढच्या वर्षी वसूल करतील. राहिले घड्याळजी. त्यांची खोली गेली, आणि जेवणाच्या टेबलाचा कोपराही अर्धाच उरला, कारण ते पितळी फूल फुलदाणीत घालून बायकोनं नेमकं तिथंच ठेवलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी बायको जेवायला बोलवायला आली, तेव्हा कामाचा दिवा उघड्या घड्याळावर नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं फुलाकडे वळवून ठेवलेला होता.